मालवण : सांगलीकरांनी मुक्काम करून पाहावे असे बंदर

सांगलीहून कोल्हापूर, राधानगरी आणि फोंडा घाटमार्गे मालवणला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो : सकाळी स्कूबा (श्वासाचे नळकांडे लावून पाण्याखाली उतरणे), दुपारी किल्ला, मग मासळीचे ताट आणि रात्री पुन्हा घाट. या घाईत मालवणचे खरे वैभव पाहायचे राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. हे आधी मच्छीमारांचे गाव आहे, पर्यटनस्थळ नंतर. त्यामुळे तेथे किमान एक पहाट आणि एक संध्याकाळ मोकळी ठेवावी.

पहाट रापणीसाठी ठेवावी. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे तालात ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. त्या सामायिक श्रमावर येथील गाबीत समाजाच्या पिढ्या जगल्या आहेत. यांत्रिक पर्ससीन (मोठ्या जाळ्याने माशांचा थवाच वेढणाऱ्या) नौकांशी पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष का पेटतो, हे तो दोर ओढताना पाहिल्यावर नीट उमगते. संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहावा, मात्र विक्रेत्या बायकांच्या वाटेत उभे राहून छायाचित्रे काढू नयेत.

स्कूबाचा अनुभव मला मनापासून आवडला. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक सोबत घेऊन उतरतात. श्वास रोखायचा नाही, कान दडपल्यास नाक चिमटीत धरून त्या बंद नाकातच हलकेच हवा दाबायची आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो, एवढे तरी उतरण्यापूर्वी समजून घ्यावे. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. स्कूबानंतर लगेच उंचावर जाणे टाळावे असा संकेत असल्याने, ज्या दिवशी घाट चढायचा त्या दिवशी स्कूबा ठेवू नये. एक गोष्ट मात्र फार खटकली : मासे जमावेत म्हणून काही जण पाण्यात पाव कुस्करतात. 1987 मध्ये येथील समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. प्रवाळांच्या सान्निध्यात हा प्रकार चालू नये आणि ग्राहकांनीच तो थांबवायला सांगावा.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात, ही या सेवेतील मोठी उणीव आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पायाभरणी केलेला, सुमारे 48 एकरांचा हा जलदुर्ग तासात पाहून होत नाही. शिवराजेश्वराचे, म्हणजे खुद्द महाराजांचे, मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांचे हातापायाचे ठसे, भर समुद्रात गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आणि नागमोडी तटावरची फेरी यांसाठी जास्त वेळ हवाच. निघण्यापूर्वी होडीवाल्याशी तसे बोलून घ्यावे. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे, तसा कोल्हापूरजवळचा पन्हाळाही आहे.

सांगलीकरांसाठी मात्र सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे दशावतार हे येथील लोकनाट्य. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जेथे नाटक उभे केले, त्या गावच्या माणसाने हा प्रयोग रात्र जागून पाहायलाच हवा. आधी गणपती आणि संकासुर राक्षस येतात, मग आख्यान रंगते. लिहिलेली संहिता नसताना नट पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम) आणि मृदंगाच्या साथीने संवाद जागच्या जागी रचतात आणि एका लाकडी बाकाचा दरबार होतो. जत्रांच्या हंगामात, म्हणजे कार्तिकापासून पुढे, आसपासच्या गावांत प्रयोग असतात. कोणत्या देवळात आहे ते मुक्कामाच्या घरीच विचारावे.

जेवणाबाबत थोडेच सांगतो : आपल्या तिखटाच्या सवयीला मालवणी मसाला जड जात नाही, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले जरूर मागवावे आणि मासा कोणता घ्यायचा ते त्या दिवशीच्या बाजारावर सोडावे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा दोन्ही बंद असतात, तर डिसेंबरअखेरीस गर्दी असह्य होते. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे आठवडे निवडावेत.