8,200 रुपयांचा रविवार

आधीच सांगतो, क्यूआर कोडवाले, ओटीपीवाले, 'पिन टाका, पैसे जमा होतील'वाले, सगळे मला माहीत आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्यापासून सावध राहायचे मेसेज मीच टाकतो. म्हणून तर जुन्या जीपीएसचा सौदा समोरासमोर ठरवला, भर दुपारी, नागपूरच्या झीरो माइलपाशी. आणि तिथेच, वस्तू हातात धरून फसलो.

आम्ही चौघे जण हिंडणारे. रामटेक, चिखलदरा, श्रावणात जमलं तर पचमढीला नागद्वार. रस्ता नोंदवायला हातातलं जीपीएस हवं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, मोबाइल आहे ना?" त्याचं चूक नव्हतं. नकाशा आधी उतरवून ठेवला तर मोबाइलचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना तेवढं पुरेल. पण पावसात ओल्या बोटांना मोबाइलची काच दाद देत नाही, दुपारी तीनला बॅटरी लाल होते. हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवस काढतं, आणि सेल कोणत्याही पानठेल्यावर मिळतात. तर हौस होती, पण उगाचची नव्हती.

बजेट 9,000. नवं घ्यायचं तर माझ्या मनातलं मॉडेल दुपटीच्या वर जात होतं, म्हणून जुन्याकडे वळलो. तीन आठवडे वाचत होतो. गार्मिनचं ईट्रेक्स 10 स्वस्त, पण पडदा काळा-पांढरा आणि नकाशा चढत नाही. 20 ला रंगीत पडदा आणि मेमरी कार्डाची जागा. 30 ला त्यावर होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारं बॅरोमीटर. हे सगळं पाठ होतं. पाठ असून काय झालं ते पुढे आहेच.

जाहिरात होती: ईट्रेक्स 30, फार वापरलेलं नाही, बॉक्स आणि बिलासकट, 9,500. विकणारा स्वतःला फौजी म्हणवत होता, कामठीहून बदली झाली म्हणे. हो, हो, फौजी म्हणून सांगणाऱ्यांचा प्रकार मलाही माहीत आहे. पण ते कधी भेटत नाहीत, हा भेटायला तयार होता. शिवाय जीपीएस फौजीकडे नसणार तर कोणाकडे? बिलाचा फोटो पाठवला त्यात सिरियल नंबरवर नेमका त्याचा अंगठा आला होता. मी म्हटलं, घाईत काढला असेल. 8,200 ला सौदा ठरला. 700 टोकन यूपीआयने, 7,500 रोख. टोकन ज्या नावाच्या खात्यात गेलं ते नाव वेगळं होतं. "भावाचं आहे काका, टेन्शन नका घेऊ."

14 जुलै 2024, रविवार. झीरो माइल मीच सुचवलं. इंग्रजांच्या मोजणीचा दगड आहे, तिथे यंत्र तपासू, असा माझा बाणेदारपणा. चालू केलं, दोन-तीन मिनिटांत आकडे आले: 21.15 उत्तर, 79.08 पूर्व, आसपास. बरोबर! रंगीत पडदा, होकायंत्राचा बाण, उंची, सगळं जागेवर. पुढचं नाव तेवढं घासून गेलेलं. "खिशात राहून राहून घासलं, काका."

आणि मग मी तारीख पाहिली. 28 नोव्हेंबर 2004.

विचारलं मी. हे लक्षात घ्या, विचारलं होतं. तो म्हणाला, "सेल काढून ठेवले होते ना, रिसेट झाली. वार पहा की, रविवारच आहे." कॅलेंडरच्या पानावर तो चौकोन रविवारच्याच रांगेत होता. आणि ते पाहून माझं समाधान झालं! मोजून 7,500 त्याच्या हातात ठेवले, वर चहा पाजला. चहाचे 20 धरत नाही.

जीपीएस घेणाऱ्याला एवढी अक्कल हवी की या यंत्राची तारीख हाताने लावायची नसते. ती उपग्रहाकडून येते. जागा अचूक सापडली म्हणजे उपग्रहांशी बोलणं झालंय, आणि तरीही वीस वर्षांपूर्वीची तारीख म्हणजे दोष यंत्राच्या पोटातच. उपग्रह आठवडे मोजतात, पण जुन्या पद्धतीत तो आकडा 1023 च्या पुढे जात नाही, परत शून्यावर येतो. 1999 च्या ऑगस्टमध्ये तसं झालं, मग 6 एप्रिल 2019 च्या रात्री. म्हातारी यंत्रं तिथे गडबडतात आणि बरोब्बर 1,024 आठवडे मागे जातात. आठवडे पूर्ण, म्हणून वार जुळतो. 14 जुलै 2024 मधून 1,024 आठवडे वजा करा, येतो 28 नोव्हेंबर 2004, रविवार. ज्या रविवारने मला धीर दिला, तोच पुरावा होता. हे मी आधी कुठेतरी वाचलेलंही होतं, ते जास्त झोंबतं.

पुढच्या रविवारी रामटेक. झाडीत शिरलो की उपग्रह गायब, मोकळ्यावर आलो की परत. घरी येऊन रेघ पाहिली तर मी गडावरून उतरून अंबाळा तलावाच्या मधोमध चालत गेलो होतो. दुरुस्तीवाल्याने 200 रुपये घेऊन दहा मिनिटांत सांगितलं: हे ईट्रेक्स 30 नाहीच, गार्मिनचंच जुनं व्हिस्टा सीएक्स आहे, 2006 च्या आसपासचं. त्यालाही रंगीत पडदा, होकायंत्र, बॅरोमीटर, कार्ड. म्हणून तर माझी यादी जुळली. सेलचं झाकण उघडलं तर आत स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं आणि सिरियल नंबरची चिठ्ठी नखाने खरवडलेली. झीरो माइलला झाकण उघडायला दहा सेकंद लागले असते.

तेव्हा घेणार असाल तर झाकण आधी उघडा. उपग्रहांचं पान पहा: ईट्रेक्स 30 मध्ये ग्लोनास, म्हणजे रशियाचे उपग्रह, चालू केल्यावर 65 पासून पुढचे आकडे दिसतात, माझ्याकडे 32 च्या वर त्या घराण्यातलं काहीच नव्हतं. नुसतं मोकळ्यात उभं राहू नका, कडुनिंबाखाली जा, तिथे उपग्रह टिकतात का पहा.

आता पोलीस ठाण्याची कथा. पहिल्या टेबलावर: "जाहिरात ऑनलाइन होती ना? मग सायबर." सायबरवाले: "पैसे रोख दिले ना? मग ठाणं." मी म्हटलं, 700 यूपीआयने गेलेत. "मग 700 चा अर्ज द्या." घराजवळच्या ठाण्यात गेलो तर घटना झीरो माइलची, ती आमची हद्द नाही. हद्द काहीही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात घेतली पाहिजे, असं नव्या कायद्यात आहे, म्हटलं. तर हवालदारसाहेब म्हणाले, "नवा कायदा आम्हीही वाचूनच राहिलो." फसवणुकीचं कलम 420 जाऊन 318 आलेलं तेव्हा जेमतेम पंधरवडा-तीन आठवडे झाले होते, मान्य. पण माझे 8,200 कोणत्या कलमात गेले याचं मला काय करायचंय? एकाने यंत्र हातात घेतलं, तारीख पाहिली आणि शेजाऱ्याला दाखवली: "हे तर 2004 चं प्रकरण आहे बे!" सगळे हसले. मीही हसलो, काय करता. बँकेत गेलो तर टोकन 'तुम्ही स्वतःहून दिलं', म्हणजे फसवणूक नाही. ग्राहक आयोगाचं काम करणाऱ्या ओळखीच्या वकिलाने सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस, तिथे उभं राहणार नाही. चार चकरा, दोन अर्धपगारी रजा, आणि हाती एका अर्जाची पोच.

यूपीआयने गेले असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, 1930, लावा. मी नवव्या दिवशी जागा झालो. आणि जुन्या बाजारात उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रंही दिसतात. परवानगीशिवाय ती बाळगली तर आपल्या देशात तुम्हीच आरोपी व्हाल, तिकडे फिरकूही नका.

हिशेब पूर्ण लिहितो: 8,200, कार्ड 450, रिचार्जेबल सेल आणि चार्जर 640, दुरुस्तीवाला 200. एकूण 9,490. घरी मी 5,000 सांगितले होते.

ऑक्टोबरात, दुपारी जेवायला बसलो होतो. अर्जावर मी घरचा म्हणून बायकोचा नंबर दिला होता, तिचा फोन वाजला. ठाण्यातून होता. तिने तो स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, "ते 8,200 वाले जीपीएस, तुमच्याच इथले का मॅडम?" तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, घ्या. तुमचाच आहे."