नॅशनल वॉर मेमोरियल, दिल्ली: जाताना एक नाव ठरवून जा

इंडिया गेटपाशी फोटो काढून तिथूनच परत फिरणारे इतके लोक बघितले की म्हटलं जरा सविस्तर लिहावं. इंडिया गेटच्या मागेच हे स्मारक आहे, चालत काही मिनिटं, एन्ट्री फ्री, गेटवर चेकिंग होतं तेवढंच. माझ्याकडून पाचपैकी पाच आणि का ते सांगते.

इंडिया गेटवर जी नावं कोरलीत ती इंग्रजांच्या काळातल्या सैनिकांची, पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध. स्वातंत्र्यानंतर जे गेले त्यांच्यासाठी 1972 पासून तिथे अमर जवान ज्योत होती, पण नावं कुठेच नव्हती. 62 झालं, 65 झालं, 71 झालं, सियाचीन, कारगिल, आणि घरच्यांना आपल्या मुलाचं नाव देशाच्या राजधानीत बघायला मिळालं ते थेट 25 फेब्रुवारी 2019 ला हे स्मारक सुरू झाल्यावर. तोवर कितीतरी आईवडील गेले असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आतली रचना चार गोलांची आहे, एकात एक. मधे अमर चक्र, तिथे उंच स्तंभ आणि ज्योत (इंडिया गेटची ज्योतही जानेवारी 2022 मधे इथल्याच ज्योतीत मिसळली). मग वीरता चक्र, त्यात सहा लढायांची ब्राँझची मोठी शिल्पं आहेत, लोंगेवाला, रेझांगला वगैरे, ती निवांत बघा. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा. पण खरं स्मारक म्हणजे त्याग चक्र. ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यावर पंचवीस हजारांहून जास्त नावं, सोनेरी अक्षरात.

आता इथे काय होतं, माणूस पहिली पाचदहा नावं वाचतो, मग नजर नुसती घसरत जाते आणि पंधरा मिनिटात बाहेर. म्हणून सांगते, घरून निघतानाच एक नाव ठरवून जा. तुमच्या गावचा, तालुक्यातला कुणी असेल तर त्याचंच. नाव शोधायला स्क्रीन आहेत, टाईप केलं की कुठल्या भिंतीवर आहे ते कळतं.

आम्ही ठरवलं होतं सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. घराणं पंजाबी पण जन्म पुण्यातला, 14 ऑक्टोबर 1950, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएमधे आणि रेजिमेंट पूना हॉर्स, म्हणजे रणगाड्यांची. जून 1971 ला कमिशन मिळालं, नगरला रणगाड्यांचा कोर्स चालू होता तेवढ्यात युद्धाची चिन्हं दिसायला लागली आणि पोरगा रेजिमेंटकडे परतला. 16 डिसेंबरला पाकिस्तानातल्या शकरगढ भागात बसंतर नदीपाशी पाकिस्तानी रणगाडे चालून आले, यांच्याकडे समोर उभे राहायला तीनच रणगाडे. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे उडाले, त्यातले चार एकट्या अरुणने उडवले. त्याच्या रणगाड्याला आग लागली, वायरलेसवर बाहेर पडायचा हुकूम आला, तर याचं उत्तर की तोफ अजून चालतेय, मी रणगाडा सोडणार नाही. तिथेच गेला. वय 21. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची लढाईपण थांबली. एक दिवस हो, फक्त एक दिवस.

त्याचा अर्धपुतळा शेजारच्या परम योद्धा स्थळावर आहे. परमवीर चक्र मिळालेल्या एकवीसही जणांचे पुतळे तिथे आहेत, खाली माहिती दिलीय. हा भाग अजिबात चुकवू नका, बरेच जण थकून इथवर येतच नाहीत. पूना हॉर्सचेच कर्नल तारापोर पण इथे आहेत, 1965 च्या लढाईतले. माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तोपर्यंत मोबाईलमधेच होता, पण अरुणच्या पुतळ्यापुढे तारखा वाचून म्हणाला, "काकू, हा माझ्याच वयाचा होता." मग तोच पुढे प्रत्येकाचं वय मोजत गेला, मला काही सांगावं लागलं नाही.

त्याला मी तिथेच अरुणच्या वडिलांचंही सांगितलं. ते स्वतः ब्रिगेडियर, 2001 मधे वयाच्या ऐंशीनंतर आपलं सरगोध्याचं जुनं घर बघायला पाकिस्तानात गेले. ज्या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरकडे उतरले होते त्यानेच त्यांना शेवटी सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तीस वर्षांनी, त्याच्याच घरात बसून हे ऐकायचं. तरी त्या बापाने मनात कडवटपणा धरला नाही. एवढं माहीत असलं ना की भिंतीवरची बाकीची नावंपण नुसती नावं राहात नाहीत, प्रत्येकामागे असं एक घर असणार हे कळतं.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात दुपारी नको, सगळं उघडं आहे आणि दगड तापतो, म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल. दुपार कलली की जा, आधी परम योद्धा स्थळ करा, मग नावांच्या भिंती, आणि सूर्यास्ताच्या सुमाराला मधल्या चक्रापाशी या कारण तेव्हा रिट्रीट, म्हणजे दिवस संपतानाचा लष्करी सोहळा, असते. त्याच्या आधी एखाद्या शहिदाच्या घरचे येऊन पुष्पचक्र वाहतात. त्या वेळी कृपा करून रील बनवू नका आणि मुलांना जवळ उभं करा, समोर त्या घरची माणसं असतात.