एका हंगामानंतर: स्वस्त दोनहाती फ्लाय रॉड आणि दीड डॉलरची काळी टेप

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ‘हँडलिंग फी’वरून आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. साडेबारा फुटी, सात वेटचं (वेट म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी आहे त्याचा आकडा), चार तुकड्यांचं किट. दोन्ही हातांनी धरून नकली माशी, म्हणजे फ्लाय, नदीत फेकायचा मासेमारीचा रॉड. रॉड, रीळ, लाइन सगळं मिळून किंमत बड्या कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या नुसत्या रॉडच्या एक तृतीयांश. मी सिएटलजवळ राहतो. स्कॅजिट आणि स्कायकोमिश या माझ्या नद्या. इथलं स्टीलहेड (समुद्रात वाढून नदीत परतणारा ट्राउट) 2007 पासून संकटग्रस्त यादीत आहे. रानटी मासा पकडला तरी सोडायचा, आणि स्कॅजिटचा हंगाम दर वर्षी उघडेलच याची खात्री नाही. अशा माशासाठी हजार डॉलरचा रॉड घ्यायला माझा हात धजला नाही.

आता तुटलं काय ते. खालून दुसऱ्या तुकड्याचं तोंड. मासा नव्हता, गळ दगडात अडकला नव्हता. डबल स्पे (लाइन पाण्यावर वळवून घेऊन मारायची फेक) मारताना ‘टक्’ झालं आणि रॉडचे वरचे तीन तुकडे पाण्यात. लाइन ओवलेली होती म्हणून हाती तरी आले.

एकहाती रॉड सरळ पुढे-मागे चालतो, त्यामुळे सांध्याला फारसा पीळ पडत नाही. स्पे कास्टमध्ये टोक वळसा घेतं आणि दर कास्टला सांधा किंचित फिरतो. फिरता फिरता वर सरकतो. मग वरच्या तुकड्याची नळी खालच्यावर अर्धवट बसलेली राहते, सगळा भार तिच्या पातळ कडेवर येतो आणि ती उभी चिरते. म्हणूनच नदीवरचे जुने लोक तिन्ही सांध्यांवर वायरमनची काळी टेप गुंडाळतात. मला वाटायचं, रॉड जुने म्हणून डागडुजी केली असेल! किटसोबत चकचकीत पुस्तिका आहे. तिच्यात रिळाच्या ड्रॅगला (म्हणजे ब्रेकला) अख्खं पान दिलंय, सांध्याबद्दल अवाक्षर नाही. दोन हातांनी मारायचा रॉड विकता, मग खोक्यात दीड डॉलरची टेप टाकायला काय जातं?

वॉरंटी ‘आयुष्यभर’. आधी फोटो मागवले, मग पावती, मग म्हणाले अख्खा रॉड पाठवा. सव्वातीन फुटी नळकांडं कुरिअरने पाठवायचा खर्च माझा, वर त्यांची फी. तुकडा आला एकदाचा, पण रंग वेगळा. हिरव्या रॉडला मधेच काळपट ठिगळ. आता बसतो मात्र घट्ट, आणि टेप लावल्यापासून एकही सांधा हललेला नाही. टेप ताणून, तिरकी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पुरेल अशी गुंडाळा आणि शेवटचं टोक दुमडून ठेवा. गारठलेल्या बोटांना नाहीतर ते सापडत नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी काढा, नाहीतर आत ओल राहते आणि वर गोंद. सांध्यात आत जाणाऱ्या टोकाला साध्या मेणबत्तीचं मेण घासलं की पकड आणखी बरी.

रिळाला मी पहिले काही आठवडे शिव्या घातल्या. जड, ओबडधोबड, वरवंटा नुसता. मग ओळखीच्या एकाचं महागडं हलकं रीळ या रॉडला लावून पाहिलं, तर टोक सारखं खाली झुकायला लागलं आणि वरचा हात भरून आला. एवढ्या लांब रॉडला मुठीपाशी वजन हवंच असतं. तेव्हा रिळाबद्दलचे शब्द मागे. त्यावर जास्त पैसे घालू नका.

लाइनच्या बाबतीत मात्र कंपनीचं ऐकू नका. रॉडवर 450 ते 550 ग्रेन (त्याला चालणाऱ्या लाइनचं वजन) छापलंय. किटमधलं हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जड भाग, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकलं, तर जेमतेम 27 ग्रॅम भरलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण 15.4 ग्रेन, म्हणजे हे 420च्या आत-बाहेर. रॉड वाकतच नव्हता, आणि मी समजत होतो की खालच्या हाताने ओढायला मला जमत नाहीये. 510 ग्रेनचं, स्कॅजिट नावाच्या प्रकारातलं आखूड हेड घेतलं, साठेक डॉलर गेले, आणि त्याच दुपारी लाइन सुटायला लागली. हेड लूपने (टोकाच्या फासाने) जोडलेलं असेल तर सुटं काढून वजन करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

हेडच्या पुढे जोडायची बुडणारी टिप तयार घेऊ नका. टी-11 ही बुडणारी लाइन, म्हणजे फुटाला 11 ग्रेन. गुंडाळी घेऊन दहा-दहा फुटांचे तुकडे कापायचे आणि लूप घरी करायचा. सराव विषम सालात करा. तेव्हा पिंक सामन झुंडीने वर चढतात आणि गळाला काहीतरी लागतं. अलिबागला खाडीत गरवायची सवय असलेल्या माणसाला स्टीलहेडच्या नुसत्या प्रतीक्षेवर दिवस काढणं जड जातं.

रनिंग लाइन (हेडच्या मागची बारीक लाइन) म्हणून 30 पौंडी साधं मोनो (नायलॉनचा एकेरी धागा) चालतं, स्वस्तही आहे. फक्त वापरण्याआधी हातभर-हातभर ताणून त्याची वेटोळी घालवायला हवीत. थंडीत ते ओल्या बोटांतून निसटतं, म्हणून जानेवारीपुरती मी किटमधली जाड रनिंग लाइनच परत चढवली आहे.