सोळा तासांचा उपवास, कमी कर्बोदके आणि सकाळचा न हलणारा आकडा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मला मधुमेह आहे. घरी रक्तातील साखर मोजण्याचा माझा ग्लुकोमीटर बंद पडला आणि कंपनीने तो हमीच्या मुदतीत बदलूनही दिला; पण बदलून आलेल्या नव्या यंत्राला जुन्या स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब घेण्याच्या पट्ट्या, चालत नाहीत. सवलत होती म्हणून नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषध बाजारातून एकदम घेऊन ठेवलेल्या दोन न उघडलेल्या डब्या आता कपाटात पडून आहेत. ग्राहक सेवा केंद्राचे उत्तर दर वेळी एकच असते, की यंत्र विनामूल्य बदलून दिले आहे आणि स्ट्रिप ही वेगळी वस्तू असल्यामुळे तिची जबाबदारी आमच्याकडे नाही. मला हे मुळीच पटलेले नाही. यंत्र वर्षानुवर्षे चालते, ग्राहकाचा खरा खर्च स्ट्रिपवर होतो आणि एक स्ट्रिप वीस रुपयांच्या आसपास पडते, हे कंपनीला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. या वादामुळे नव्या स्ट्रिप घ्याव्यात का आणि घेतल्या तर दिवसाच्या कोणत्या वेळी खर्च कराव्यात, याचा विचार मला नव्याने करावा लागला. त्यातूनच या आहारपद्धतीविषयी माझे आधीचे मत बरेच बदलले.

सोळा तास पोटाला विश्रांती आणि उरलेल्या आठ तासांत दोन जेवणे, ही पद्धत महाराष्ट्रात आता कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवल्यापासून दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणे हा विषय लग्नाच्या पंगतीतही निघतो. मी त्याला कर्बोदके कमी करण्याची जोड दिली. भात आणि साखर पूर्ण बंद, जेवणाला एकच लहान भाकरी, आणि ताटाचा बाकीचा भाग भाजी, उसळ, अंडी, पनीर, दही व शेंगदाण्यांचा. सुरुवातीला माझा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, ७.८ होता, वजन ७१ किलो होते आणि कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर होता. औषध फक्त मेटफॉर्मिनचे, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने तसेच चालू ठेवले. आता एचबीए१सी ६.४ आहे, वजन ६४ आणि घेर ८८. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात, तेव्हा अजून वाट बाकी आहे. मला वजनापेक्षा घेर अधिक महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्याही शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असते हे दाखवून दिलेले आहे, आणि निव्वळ वजनकाट्यावर विसंबणाऱ्याला ते दिसत नाही.

एवढे सगळे चांगले असताना माझी जी एक तक्रार होती, ती सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेची. जेवणानंतर दोन तासांनी पूर्वी २२० च्या पुढे जाणारी साखर दोन महिन्यांत १५० च्या आत आली, पण सकाळचा आकडा १३० ते १४५ यांच्या मध्येच राहिला. रात्री कमी जेवले तरी तोच, अजिबात जेवले नाही तरी तोच, आणि उपवास अठरा तासांपर्यंत लांबवला तर कधी कधी आणखी थोडा वर. एका रविवारी मी पहाटे पाच वाजता तपासले तेव्हा १२८ होते आणि पाण्याशिवाय काही न घेता नऊ वाजता पुन्हा तपासले तेव्हा १४६. पोटात अन्नाचा कण नसताना साखर वाढते कशी, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता.

याचे उत्तर यकृतात आहे. आपण खात नाही तेव्हा रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृत करते, कोठीतले धान्य लागेल तसे काढावे त्याप्रमाणे ते आपल्या साठ्यातून साखर सोडते आणि नवी तयारही करते. पहाटे कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक यांसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृताला ही साखर अधिक सोडायला लावतात. निरोगी माणसाचे इन्सुलिन त्याला वेळीच आवर घालते; मधुमेहात ते पुरे पडत नाही. मेटफॉर्मिनचे मुख्य कामही यकृतावरच चालते. याचा अर्थ असा, की सकाळचा आकडा आदल्या रात्रीच्या ताटापेक्षा यकृताची आणि इन्सुलिनची स्थिती अधिक सांगतो, आणि ती सुधारायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

हे मी इतक्या विस्ताराने लिहीत आहे, कारण बहुतेक लोक स्ट्रिप वाचवण्यासाठी दिवसातून एकदाच तपासतात आणि ते एकदा म्हणजे नेमकी सकाळ असते. आमच्या कार्यालयातील एका सहकारी बाईंनी चांगली चाललेली आहारपद्धत एवढ्या एका आकड्यापायी सोडून दिली आणि त्या पुन्हा तीन पोळ्या व भातावर आल्या. दुसऱ्या एकांनी तोच आकडा खाली आणण्यासाठी उपवास वीस तासांवर नेला आणि चक्कर येऊ लागल्यावर थांबले. दोघांनीही जेवणानंतरची साखर एकदाही पाहिलेली नव्हती. एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांतील सगळ्या वेळांच्या साखरेचा मिळून निघणारा आकडा आहे, ७.८ म्हणजे सरासरी सुमारे १७७ आणि ६.४ म्हणजे सुमारे १३७. माझी सकाळ त्या मानाने थोडीच हलली असताना सरासरी चाळीसने उतरली. ती उतरण मुख्यतः जेवणानंतरच्या तासांमधून आलेली आहे, आणि सकाळी एकदाच बोट टोचणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

यंत्राच्या अचूकतेविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. घरगुती ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभर किंवा त्याहून अधिक साखर असताना शंभरातील पंच्याण्णव मोजमापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या आगेमागे १५ टक्क्यांत असली म्हणजे यंत्र उत्तीर्ण होते. खरी साखर १३५ असेल तर यंत्राने ११५ दाखवले काय किंवा १५५ दाखवले काय, दोन्ही नियमात बसते. काल १३२ होते आणि आज १३८ झाले म्हणून दिवसभर मन खट्टू करून घेण्यात काही अर्थ नाही. शिवाय नाशिकमध्ये द्राक्षांच्या हंगामात एक विशेष काळजी घ्यावी लागते. फेब्रुवारीत निफाडच्या नातेवाइकांकडून द्राक्षांची पेटी आली होती आणि आमचे यजमान ती निवडत बसले होते. त्यांना मधुमेह नाही; सहज म्हणून त्यांनी बोट स्पिरिटच्या कापसाने पुसून तपासले तर यंत्राने १९४ दाखवले. घरात क्षणभर सगळेच गप्प झाले. मग त्यांनी नळाखाली साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि दुसऱ्या बोटातून थेंब घेतला, तेव्हा १०४ आले. द्राक्षे, संत्री किंवा किवी हाताळल्यावर बोटावर राहिलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळून असा फसवा आकडा येतो आणि स्पिरिटने पुसणे त्याला पुरत नाही, हात वाहत्या पाण्याखालीच धुवावे लागतात, हे जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले आहे.

आता मत कोठे बदलले ते सांगते. पहिले काही महिने मी दुपारी एक ते रात्री नऊ या वेळात जेवत होते, कारण सकाळचा नाश्ता सोडणे सर्वांत सोपे असते. त्या वेळी मला विचारले असते तर सोळा तासांचा उपवास हाच या पद्धतीचा प्राण आहे, असे मी ठामपणे सांगितले असते. पुढे मी वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी मागे आणली. पहिले जेवण डब्यातून सातपूरच्या कार्यालयात, दुसरे घरी पोहोचल्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास गोल्फ क्लबच्या मैदानावर चालणे. उपवासाचे तास तेवढेच, ताटही तेच. पण दीड-दोन महिन्यांत सकाळचा आकडा १२० च्या आसपास स्थिरावला. शरीर दिवसाच्या पूर्वार्धात इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देते आणि रात्री कमी, हे त्यामागचे कारण. अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांना दुपारी तीनच्या आत शेवटचे जेवण दिले, तेव्हा वजन न घटताही इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला होता. दुपारी तीनची वेळ आपल्या संसारात बसणार नाही, पण सहा-साडेसहा बसू शकते. वजनाच्या बाबतीत मात्र घड्याळाला फार श्रेय देऊ नये. चीनमधील ग्वांगझू येथे वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्मांक सारखेच कमी केलेल्या दोन गटांपैकी एकाला आठ तासांचे बंधन घातले होते, तरी दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणून आता माझे मत असे आहे, की ताटात काय आहे ते पहिले, रात्रीचे जेवण किती वाजता ते दुसरे आणि उपवास किती तासांचा ते तिसरे.

ताटाविषयी आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज भाकरीचा आहे. पोळी सोडून बाजरीची भाकरी धरली म्हणजे साखर आटोक्यात आली, असे अनेकांना मनापासून वाटते. शंभर ग्रॅम पिठात बाजरी, ज्वारी, नाचणी आणि गहू या सर्वांतच साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, आणि भाकरी पोळीपेक्षा जाड असल्यामुळे एका नगाला पीठही जास्त लागते. भाकरीत तंतुमय भाग असतो, त्याचा फायदा जरूर आहे. तो एका भाकरीपुरता आहे, तीन भाकऱ्यांना नाही. दुसरा गैरसमज एकादशीचा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, शंभर ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके आणि प्रथिने नावालाच, त्यात वर बटाटा. एक बशीभर खिचडीनंतर माझी साखर २३० पर्यंत गेलेली मी पाहिली आहे, आणि भगरीचेही फार वेगळे नव्हते. सासूबाईंना मी हा आकडा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मग दाण्याची आमटी आणि दही घे, उपास मोडत नाही.” त्या दिवसापासून आमच्या घरी एकादशीला दोन वेगळी ताटे होतात आणि कोणाचीही श्रद्धा दुखावलेली नाही.

मिसळ सोडावी लागली का, असे नाशिककर हटकून विचारतात. मटकीची उसळ, तर्री, कांदा आणि लिंबू ठेवले; पाव आणि शेव सोडली. दोन तासांनी १४८. द्राक्षे मात्र हंगामात चार-पाच मणी जेवणाबरोबरच, एरवी पेरू. पावसाळ्यात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पेठ-हरसूलकडच्या बाया करटुली आणि कुर्डूची भाजी घेऊन येतात, तेव्हा ताट भरण्याची चिंताच मिटते. ‘मधुमेहींसाठी’ असे लिहून तिप्पट-चौपट भावाने विकली जाणारी पिठे आणि बिस्किटे मी एकेकदा आणून पाहिली. वेष्टनावरच्या कोष्टकातील कर्बोदकांचा आकडा साध्या पिठाच्या जवळपासच निघाला. शेंगदाणे, अंडी आणि मोड आलेली मटकी यांत काम होत असताना त्यावर पैसे घालण्याचे कारण नाही.

ज्यांना ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय एकही जेवण सोडू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके एकदम तोडू नयेत, कारण त्यांच्यात रक्त आम्लधर्मी होण्याचा प्रकार साखर फारशी वाढलेली नसतानाही घडू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी विचारावे. मला स्वतःला सुरुवातीला बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी झाली. पाणी, मीठ आणि पालेभाजी वाढवल्यावर ती गेली.

शेवटी नव्या स्ट्रिप घेतल्याच, पण वाटणी बदलली. आठवड्याला चार स्ट्रिप: दोन संध्याकाळच्या जेवणानंतर दोन तासांनी, एक नव्या पदार्थासाठी आणि सकाळची फक्त एक. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी. गोळे कॉलनीत घेताना डबीवरील नाव आपल्या यंत्राच्या नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे, मुदतीची तारीख वाचावी आणि डबी उघडल्यानंतर स्ट्रिप किती महिने चालतात हेही वाचावे, कारण ती मुदत वेगळी आणि बरीच कमी असते. पावसाळ्यात झाकण उघडे राहिले तर त्याआधीच त्या खराब होतात. कितीही सवलत असली तरी एका वेळी एकच डबी घ्यावी. माझ्या जुन्या दोन डब्यांविषयी कंपनीकडे केलेली लेखी तक्रार अजून प्रलंबित आहे आणि ती मी सोडणार नाही.