क्लास, शाळेतला गट की घरचा अभ्यास? सांगली-मिरजेच्या पालकांसाठी विज्ञान-गणित स्पर्धांच्या तयारीची तुलना

सहावी-सातवीतलं मूल गणितात, विज्ञानात रमतंय असं दिसलं की घरात पहिला प्रश्न निघतो, क्लास लावायचा का? त्याआधी एक बघा: मूल नक्की कशाला बसणार आहे? सगळ्यालाच आपण स्पर्धा परीक्षा म्हणतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं काही तपासलं जातं.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेतं, सहावी आणि नववीसाठी. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे असतात. आयओक्यूएम ही गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी. आठवीपासून बसता येतं. तीन तासांत तीस प्रश्न, आणि उत्तर ०० ते ९९ मधली संख्या. पर्याय नाहीत, त्यामुळे अंदाजपंचे काही चालत नाही. राष्ट्रीय गणित दिन (२२ डिसेंबर) आणि विज्ञान दिन (२८ फेब्रुवारी) आले की शाळाशाळांत होतात त्या प्रश्नमंजुषा म्हणजे तिसराच प्रकार: संघ, बझर आणि काही सेकंद.

आता तयारीचे मार्ग.

क्लासची खरी ताकद सरावात आहे. बहुपर्यायी पेपर वेळेत सोडवणं, उत्तरपत्रिकेवरचे गोल न चुकता रंगवणं, अवघड प्रश्न सोडून पुढे जाणं, हे चांगला क्लास पक्कं करून घेतो. राज्य सरकारच्या उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. अशा गोष्टी सवयीनेच अंगवळणी पडतात. शिष्यवृत्तीत विज्ञान हा विषयच नाही, हेही लक्षात असू द्या. विज्ञान हवं आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलाला एनएमएमएसला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, जरूर बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. क्लासच्या जाहिरातीत ही परीक्षा क्वचितच ठळक दिसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क्लास कमी पडतो तो प्रात्यक्षिकात. पन्नास मुलांच्या खोलीत प्रयोग फळ्यावरच होतो. इथे शाळेतला सहा-सात मुलांचा गट कितीतरी पुढे जातो, आणि सांगलीत तर साहित्य प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. हळद पाण्यात कालवून गाळणकागदाच्या पट्ट्या रंगवा, वाळवा. साबणाच्या पाण्यात बुडवली की पट्टी लाल होते. एवढं पुस्तकात आहेच. खरी मजा पुढे. मुलांना लिंबाचा रस द्या. पिवळी पट्टी पिवळीच राहते. साधं पाणी द्या, तरीही पिवळीच. मग विचारा, ‘या पट्टीने आम्ल ओळखता येईल का?’ गटात वाद सुरू होतो. कोणीतरी म्हणतं, येणारच नाही. मग एखादी मुलगी साबणाने लाल झालेली पट्टी लिंबात बुडवते, ती पुन्हा पिवळी होते आणि सगळे ओरडतात. प्रात्यक्षिकाला आणि मुलाखतीला मुलांकडून हाच विचार हवा असतो. पाठ केलेल्या हजार प्रश्नांच्या संचातून तो येत नाही.

बझरच्या फेरीसाठीही मी गटालाच कौल देईन. महागडं यंत्र नको, प्रत्येक संघापुढे स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो. प्रश्न शेवटपर्यंत ऐकायची सवय लावणं महत्त्वाचं. ‘१ ते १०० मध्ये ९ हा अंक कितीदा येतो?’ घाईचं मूल दहा म्हणतं. एककस्थानी दहा वेळा आणि दशकस्थानी दहा वेळा, म्हणून उत्तर वीस. लगेच पुढचा प्रश्न टाका: ‘किती संख्यांमध्ये ९ हा अंक येतो?’ आता एकोणीस, कारण ९९ ही संख्या एकदाच मोजायची. असे जोडप्रश्न मुलांनाच तयार करायला सांगा. दुसऱ्या संघाला अडकवायचं म्हटलं की मुलं धडा कसा बारकाईने वाचतात, ते बघण्यासारखं असतं. स्थानिक विषयही येऊ द्यात: कोयनेच्या पाण्यावर वीज कशी तयार होते, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पठारावरच का.

गटाची उणी बाजूही आहे. सगळं एका शिक्षकावर उभं असतं. सरांची बदली झाली किंवा बाईंना निवडणुकीचं काम लागलं की गट विस्कटतो. पेपरच्या वेगाचा सराव तिथे कमीच होतो, तो घरी घड्याळ लावून करून घ्यावा लागतो.

घरचा अभ्यास मी सगळ्यांना सुचवणार नाही. आयओक्यूएमकडे ओढा असलेल्या मुलाला मात्र तोच मानवतो. ७ च्या २०२४ व्या घाताचे शेवटचे दोन अंक कोणते? ७ चा चौथा घात २४०१ आणि २०२४ ला ४ ने भाग जातो, हे दिसलं की उत्तर ०१. पण ते दिसेपर्यंत मूल अर्धा तास कागदावर घात मांडत बसलं तर बसू द्यावं. मध्येच रीत सांगायची घाई क्लासलाही होते आणि आई-बाबांनाही.

जत, आटपाडीसारख्या तालुक्यातून आठवड्याला सांगलीचा क्लास गाठायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. एसटीत जाणारा वेळ त्या वयाला झेपत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा, आणखी तीन-चार पालक सोबत घ्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावरचा तास मागा.

शहरातल्या पालकांना सहावी-सातवीत आधी गट आणि आठवीत पेपर जवळ आला की दोन-तीन महिने सरावापुरता क्लास, असं मी सुचवेन. फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन एवढंच विचारा: मुलांनी चुकवलेल्या प्रश्नांचं तुम्ही काय करता? ‘उत्तरसूची देतो’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा.