जाडजूड अहवाल आणि न झालेली चाचणी

जुन्या कारखान्याची जागा घेण्याआधी माती तपासून घेणार असाल, तर आम्हाला कसं गंडवलं ते वाचा. तिथे पूर्वी धातूंना मुलामा देण्याचं काम चाले. तपासणीच्या दरपत्रकांत एक इतरांच्या निम्म्याहून कमी, आणि नमुने मात्र सर्वांत जास्त. आम्ही तेच घेतलं. ते देणारा सल्लागार विकणाऱ्याच्या दलालाचा माणूस निघाला, हे मागाहून कळलं.

अहवाल जाडजूड. नकाशे, रंगीत तक्ते, शेवटी ‘प्रदूषण नाही’. खरेदी झाली. पाया खणताना गोडसर, औषधी वासाची माती वर आली, तेव्हा प्रयोगशाळेकडून मूळ कागद मागवले. नमुने सगळे वरच्या अर्ध्या मीटरमधले, तेही मोकळ्या अंगणातले. मुलाम्याच्या हौदांपाशी एकही बोअर (नमुना काढायला पाडलेलं खोल छिद्र) नाही. पाच ठिकाणची माती कालवून एक नमुना केलेला, म्हणजे एका जागी विष असलं तरी बाकीच्या चांगल्या मातीत आकडा पातळ होणार. मुलाम्याआधी धातूचं तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीन हे विषारी रसायन वापरत. ते पाण्याहून जड, झिरपत खोल जातं. शिवाय माती अशी उघड्यावर कालवली की उडूनही जातं. त्याची चाचणीच झाली नव्हती, आणि अहवालात त्याच्यापुढे ‘आढळले नाही’ छापलेलं! बाकीचं एक वेळ हलगर्जीपणात गेलं असतं, हे नाही.

नमुन्यांची संख्या पाहून पैसे देऊ नका. दर 25 मीटरवर चौकोनी जाळीत बोअर घेतले, तरी दूषित मातीचा 10 मीटर व्यासाचा डाग सापडण्याची शक्यता जेमतेम आठात एक. आधी जुने नकाशे, परवाने पाहा, तिथल्या जुन्या कामगारांशी बोला; यात खर्च कमी आणि संशयाच्या जागा इथेच कळतात. मग प्रत्येक बोअरआधी ठरवा, निकाल वाईट आला तर काय करणार? भाव पाडणार, बांधकाम सरकवणार, सौदा मोडणार? यातलं काहीच होणार नसेल, तर तो बोअर नको. (‘अजून थोडं तपासू’ म्हणत बिल फुगवणारेही असतातच.) पण सौदा मोडेल इतकी शंका असेल, तिथे खोल बोअर आणि भूजलाच्या नमुन्यांसाठी हात आखडू नका.

जाब विचारल्यावर सल्लागाराने बारीक अक्षरांतली ओळ दाखवली: निष्कर्ष घेतलेल्या नमुन्यांपुरतेच. न केलेल्या चाचणीबद्दल मात्र त्याच्याकडे ओळ नव्हती. करारातच नमुन्यांच्या जागा, खोली आणि चाचण्यांची यादी लिहून घ्या, आणि प्रयोगशाळेचे निकाल थेट तुमच्याकडे येतील अशी अट घाला.