बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर, पाऊण वर्षानंतर: रायटर चांगला, वायर संतापजनक

हा रायटर घेणाऱ्याने आधी त्याची वायर बघावी. जाहिरातीच्या फोटोत ती दिसणार नाही, कारण ती यंत्राच्या पोटाखालच्या खाचेत गुंडाळून बसवलेली आहे. उलगडली की जेमतेम वीतभर. शिवाय ती यंत्रालाच चिकटलेली, म्हणजे काढून दुसरी लांब लावायचीही सोय नाही. लॅपटॉपवाल्यांचं भागत असेल. माझा संगणक टेबलाखाली उभा असतो, त्यामुळे रायटर एकतर हवेत लोंबकळतो, नाहीतर त्याच्याखाली बिस्किटांचा डबा ठेवावा लागतो. वीत-दोन वीत वायर वाढवून कंपनीचं कितीसं दिवाळं निघणार होतं?

बाकी स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, ती परत लिहीत बसत नाही.

घेतला तो आईच्या भजनी मंडळासाठी. त्यांची भजनं मी घरीच रेकॉर्ड करतो. मंडळातल्या बहुतेक जणी सत्तरीच्या आसपासच्या. पेनड्राइव्ह दिला तर देव्हाऱ्याच्या खणात जाऊन बसतो. सीडी मात्र लावतात, कारण मुलांनी टाकायला काढलेला स्टीरिओ प्रत्येकीने आपल्या खोलीत हक्काने ठेवून घेतलेला आहे.

पहिल्या सीड्या संगणकावर झकास वाजल्या. घरोघरच्या स्टीरिओंनी मात्र हात वर केले. आमच्या स्टीरिओचं झाकण वरून उघडतं, त्यामुळे आत काय चाललंय ते फटीतून दिसतं: लेन्स खाली-वर होते, टक, टक, टक, चकती अर्धवट फिरते, थांबते आणि हिरव्या अक्षरांत ‘नो डिस्क’. भजनाला जमलेल्या बायकांसमोर एक मावशी म्हणाल्या, “कोरीच दिलीस की रे!”

मी कंपनीला मेल टाकला. त्यांनी आधी खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मग ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं. मग ‘आपल्या स्टीरिओच्या उत्पादकाशी संपर्क साधावा’. ज्या स्टीरिओचा उत्पादक कधीच गाशा गुंडाळून गेला, त्याच्याशी कसा संपर्क साधायचा? त्या भरात एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. तो आता बदलतोय. कंपनीच्या मेलांमुळे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात उघड कारण आधी उरकतो. फोल्डरमधून फाइली ओढून ‘बर्न’ केलं की तयार होते ती डेटा सीडी. आत एमपी३ फाइली असतात आणि त्या वाचणं ज्याला येतं त्यालाच त्या वाजवता येतात. शेजारच्या काकूंच्या स्टीरिओवर ‘एमपी३’ असं छापलंय, त्यांच्याकडे ती वाजली. आमच्याकडे नाही. जुन्या यंत्रांना फक्त १९८० साली सोनी आणि फिलिप्सने ठरवलेली ऑडिओ सीडी कळते: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. त्यात फाइल नावाची गोष्टच नसते. तेव्हा बर्न करायच्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑडिओ सीडी’ निवडायची, विषय संपला. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करत असेल तर बहुतेक प्रोग्रॅम रूपांतर आपलं आपण करतात. मी तरी ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममधून ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल काढूनच देतो.

तरीही निम्म्या सीड्या मुक्याच राहिल्या. याचं मूळ सापडलं तेव्हा वायरीवरचा माझा राग दुप्पट झाला.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. भोकाजवळच्या भागात अनुक्रमणिका असते, कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची. स्टीरिओ आधी ती वाचतो आणि मगच पुढे सरकतो. माझा प्रोग्रॅम एकेक ट्रॅक सुटा लिहायचा, ज्याला ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ म्हणतात. या पद्धतीत सगळे ट्रॅक लिहून झाल्यावर, सीडी बंद म्हणजे ‘फायनलाइज’ करताना ही अनुक्रमणिका लिहिली जाते. तोवर तिची कच्ची नोंद चकतीवर वेगळ्या जागी असते. ती नोंद रायटरला वाचता येते, साध्या प्लेअरला येत नाही. म्हणून तीच सीडी संगणकावर गाते आणि स्टीरिओत कोरी ठरते. मावशींच्या स्टीरिओच्या दृष्टीने ती खरोखरच कोरी होती.

आणि फायनलाइज अर्धवट का राहत होतं? डब्यावर तोललेल्या रायटरला टेबलाखाली कुणाचा तरी पाय लागला की वीतभर वायर ताणली जायची आणि जोडणी क्षणभर तुटायची. यावर उपाय म्हणून ड्रॉवरमधली यूएसबीची एक्स्टेन्शन लावली, तर रायटर मधूनच गायब व्हायला लागला. जुन्या यूएसबी २.० पोर्टकडून हक्काने मिळतात ५०० मिलिअँपिअर, मोटर वेग घेताना तेवढे पुरत नाहीत आणि लांब बारीक वायरीत व्होल्टेज आणखी पडतं. शेवटी स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब, म्हणजे जास्तीचे पोर्ट देणारी डबी, घेतला. रायटरच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश खर्च, निव्वळ वायर आखूड म्हणून! हा हिशेब मी कंपनीलाही कळवला. उत्तर नाही.

आता मी ‘डिस्क अ‍ॅट वन्स’नेच लिहितो. यात सीडी एका दमात, अनुक्रमणिकेपासून लिहिली जाते. शिवाय दोन ट्रॅकमध्ये आपोआप पडणारी दोन सेकंदांची शांतता टळते. अभंग संपून गजर सुरू होतो तिथे ती शांतता फार बोचायची. अर्धवट राहिलेल्या काही सीड्या नंतर फायनलाइज करून वाचवता आल्या. उरलेल्या गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगल्यात.

चकत्यांबद्दल थोडं. मोझर बेअरच्या कोऱ्या सीड्या गल्लोगल्ली मिळायचे दिवस गेले, ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. आता दुकानात असतो तो पडून राहिलेला माल. शोकेसमध्ये उन्हात ठेवलेला मुळीच घेऊ नका, कारण लिहिण्यासाठीचा रंगाचा थर उन्हाने खराब होतो. पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणून मी काटकसरीने आरडब्ल्यू आणली होती, तीही जुन्या स्टीरिओला चालत नाही. छापील, म्हणजे कारखान्यातून भरून आलेली विकतची सीडी पडलेल्या प्रकाशातला ७० टक्क्यांहून जास्त परत फेकते, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. जुन्या लेन्सला एवढ्यात काही दिसत नाही. एकदाच लिहिता येणारी साधी सीडी-आर घ्या, ती छापील सीडीच्या बरीच जवळ जाते. लिहिण्याचा वेग २४एक्सवरून (वाजवण्याच्या वेगाच्या २४ पट) १०एक्सवर आणला, तर शेवटच्या भैरवीतलं अडखळणं बंद झालं. सत्तर मिनिटांची सीडी आठ-नऊ मिनिटांत होते. एवढ्यासाठी कुणाची गाडी चुकत नाही. वर कागदी लेबल चिकटवू नका, चकती डगमगते. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर मार्करने नाव लिहिलं की झालं.

इतकं करूनही आमचा स्टीरिओ मात्र हटून बसला होता. विकतच्या सीड्या वाजवायचा, माझ्या नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने लेन्स पुसून पाहिली, काही फरक पडला नाही. मग म्हणाला, “साहेब, पिकअप म्हातारा झालाय. चकचकीत असेल तेवढंच वाचतो.” पिकअप म्हणजे लेझर आणि लेन्सचा सीडी वाचणारा भाग. तो बदलला आणि त्याच रायटरवर लिहिलेल्या, मी बाद ठरवलेल्या दोन-तीन सीड्याही सुरू झाल्या. रायटरवरचा उरलासुरला संशय तिथे फिटला. तुमच्याकडेही विकतची सीडी चालत असेल आणि घरची नसेल, तर रायटर परत पाठवण्याआधी ती दुसऱ्या एखाद्या स्टीरिओवर लावून बघा.

आता चार स्टार देतोय. आवाज कमी, फार तापत नाही, लिहिलेलं नीट वाचलं जातं. पाचवा स्टार वायरीने खाल्ला. ट्रे उघडायचं बटण अलीकडे दोनदा दाबावं लागतंय. वॉरंटी अजून शिल्लक आहे, म्हणून त्याचाही मेल आजच टाकलाय. या वेळी व्हिडिओ आधीच जोडला आहे.